दारापेक्षा मोठी कणगी

धान्याच्या जुन्या कणगीचा तळ उंदरांनी पोखरला होता, म्हणून बहिरूने यंदा नवी विणायला घेतली. ओढ्याकाठची निरगुडी तोडून त्याने फोक सावलीत सुकवले, कळकाच्या कामट्या काढल्या आणि माजघरात मधोमध बसकण मारली. अंगणातही विणता आली असती, पण ऊन असं होतं की फोक हातातच कडकडीत होऊन मोडत. घरात गारवा होता. शिवाय चुलीपाशी बसल्या बसल्या सोनीबाईला बोलता येत होतं, आणि ती बोलत असली की त्याचा हात बरा चालायचा.

"आनखी येक येढा टाका," ती म्हणाली.

"पान्याची टाकी करायची हाय का?"

"टाका म्हंते ना. फोक उरलेत न्हवं."

तो एक वेढा टाकायचा. मग ती भाकरी तव्यावर टाकून पुन्हा वळून बघायची, मान एकीकडे करून, लुगड्याची वीण बघावी तशी. "आनखी येक."

बहिरू अंगठ्याने फोक दाबत, कामटीच्या मागून पुढून घेत राहिला. त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं, ते चाळीस वर्षं तसंच होतं. खोऱ्यातल्या कितीतरी घरांत त्याच्या हातच्या कणग्या होत्या. ज्याच्या त्याच्या घरात बसून त्याने त्या विणल्या होत्या. एकदा बसली की कणगी घराची झाली. ती जुनी होते, झिजते आणि शेवटी चुलीत जाते, पण दाराबाहेर जायची पाळी तिच्यावर येत नाही. त्यामुळे कणगी मोठी की दार मोठं, हे त्याने जन्मात कधी बघितलं नव्हतं.

सोनीबाईच्या डोक्यात यंदा मोठी कणगी शिरली त्याला कारण होतं. होळीच्या सुमाराला पुण्याहून चार माणसं आली होती. वाडीच्या वर डोंगराला चीर पडली होती. तिच्या दोन्ही अंगांना त्यांनी चुन्याच्या खुणा केल्या, फोटो काढले, सोनीबाईच्या हातचा चहा प्यायले आणि गेले.

"काय म्हनले?" तिने विचारलं होतं.

"लक्ष ठिवा म्हनले."

डोंगरावर लक्ष ठेवणं तिच्या हातातलं नव्हतं. तिने घरात लक्ष घातलं. डोंगर थोडा सुटला तरी रस्ता बंद होणार, आणि रस्ता बंद झाला की पोळ्यापर्यंत कोणी वाडीत येत नाही, हे तिने धरलं. घोडेगावच्या बाजाराला ती चार वेळा जाऊन आली. बोंबील आणले, सुकट आणली, खडे मीठ, गूळ, काड्यापेट्या, गोडं तेल. लसणाच्या वेण्या आढ्याला टांगल्या. हुलगे भाजून मडक्यात भरले आणि तोंडाला फडकं बांधून वर शेण लावलं. कुरडया घातल्या, त्या राखायला दिवसभर काठी घेऊन उन्हात बसली. तिच्या गुडघ्यांना आता उठबस सोसत नव्हती. उठताना ती जमिनीला हात टेकून आधी मागचं अंग उचलायची आणि मग कमरेवर हात ठेवून सरळ व्हायची. बहिरू बघायचा आणि दुसरीकडे तोंड करायचा. हात द्यायला गेलं की ती रागवायची.

कोपऱ्यातल्या रांजणात तीन वर्षांची नाचणी होती. रामनाथने, त्यांच्या मुलाने, मागे एकदा विचारलं होतं, "आये, ही कवा खायाची?"

"ती खायाची न्हाई. ती असायाची."

रामनाथ हसला होता. बहिरू हसला नव्हता. रामनाथ दीड महिन्याचा होता त्या वर्षीची गोष्ट. बहिरू लोणीकडे खुरपणीला गेला होता, आठ दिवसांत येतो म्हणून. ओढे चढले आणि सतरा दिवस त्याला येता आलं नाही. घरातलं धान्य बहिरूच्या म्हाताऱ्या आईने शेजारपाजारच्यांना वाटलं होतं, परत देतील म्हणून. डोक्यावर पासोडीत पायलीभर बाजरी घेऊन तो दारात उभा राहिला तेव्हा सोनीबाईने ना हाक मारली ना काही विचारलं. चुलीवर कोंड्याची पेज होती. अंगावर दूध नव्हतं म्हणून पोर रडून रडून गप्प पडलेलं. तिने बाजरी घेतली, निम्मी काढून मडक्यात ठेवली, मडकं झाकलं, आणि मग जात्यावर बसली. आधी मडकं झाकलं. पोरगं भुकेलं, ती भुकेली, तरी आधी मडकं झाकलं. त्यानंतर तिच्या बेगमीला बहिरूने कधी नाव ठेवलं नाही.

म्हणून त्याने वेढे टाकले. कणगी सोनीबाईच्या खांद्याला आली आणि दोन माणसांच्या कवेत मावेना एवढी रुंद झाली. दोघांनी मिळून ती शेणमातीने आतून बाहेरून लिंपली. आठ दिवस वाळवली. बोटाची टिचकी मारली की घड्यासारखी वाजायला लागली तेव्हा सोनीबाईने गिरणीतून आणलेला तांदूळ आत ओतला, एक थर तांदूळ, एक थर निरगुडीचा पाला. झाकण लिंपलं, त्यावर पाच बोटं उमटवली आणि हात धुतले.

"आता येऊं दे त्याला काय यायचं ते," ती म्हणाली.

त्याच्या तिसऱ्या दिवशी तलाठी भाऊसाहेब वाडीत आले. त्यांनी सगळ्यांना देवळाच्या पारापाशी बोलावलं. वहीत बघून अकरा घरांची नावं वाचली. मृग लागायच्या आत या घरांनी खाली शाळेजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायला जायचं, दिवाळीपर्यंत. वाडीत कोणी थांबायचं नाही. ते गोड माणूस होते, सारखा घाम पुसत होते.

"धान्याची चिंता करू नका. शासन पुरवणार आहे," ते म्हणाले.

"कवा?" सोनीबाईने बायकांतून विचारलं.

"म्हणजे रस्ता वगैरे बंद झाला की."

"रस्ता बंद झाल्यावर तुमी कुटून येनार, भाऊसाहेब?"

पारावर हशा झाला. भाऊसाहेबही हसले आणि म्हणाले, "तर मग तुमचं धान्य तुम्ही आणा, मावशी. पोती आणा, काय आणायचं ते आणा."

"पोतं त्या पत्र्यात आठ दिस टिकायचं न्हाई. खाली वल, वर वल. माझी कनगी येनार."

"आणा की कणगी."

बहिरू तेव्हा उठला आणि घरी आला. त्याने दोन्ही हात पसरून कणगीची रुंदी घेतली आणि हात तसेच धरून दारापाशी गेला. एक कोपर या चौकटीला लागलं आणि दुसरा हात बाहेर भिंतीवर आला. तो तसाच उभा असताना गेणभाऊ मागून आला. गेणभाऊ शेजारचा, बहिरूच्या वयाचा, आणि बहिरूची फजिती चुकवायची नाही असा त्याचा नेम होता.

"काय रं, दाराला मिठी मारतोस व्हय?"

बहिरूने हात खाली केले.

संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला कळलं. येईल तो माजघरात डोकावून कणगी बघे, मग दार बघे. गेणभाऊ अंगणात तंबाखू मळत बसला. "साऱ्या खोऱ्याच्या कनग्या इनल्या राव ह्यानं, आन् सवताचीच घरात कोंडली," तो येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होता. साळुबाई म्हणाली, घर उचलून न्यावं, कणगी ऱ्हाऊं द्यावी. बहिरू कोयत्याला धार लावत बसला. कोयत्याला धारेची गरज नव्हती.

सगळे गेल्यावर सोनीबाईने त्याच्यापुढे ताट ठेवलं.

"तुमी जा खाली," ती म्हणाली. "बैलं घिऊन जा. मी हितंच हाय."

"येडी का खुळी."

"खुळी तर खुळी. अन्नापाशी मानूस पायजे."

"आन् डोंगुर आला मंजी?"

"आला तर यील. भुकंनं पोट जळतं तसं काय डोंगरानं जळत न्हाई. येकदाच काय ते."

ती हे अगदी सहज बोलली, मीठ वाढावं तसं. बहिरूने ताट बाजूला सारलं. ती हटून बसली की उठत नाही, हे त्याला ठाऊक होतं. आणि तिला वाडीत ठेवून आपल्याला शेडमध्ये झोप येणार नाही, हेही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी रामनाथ मंचरहून पिकअप घेऊन आला. मागे दोन निळे ड्रम होते, झाकणाला लोखंडी पट्टी असलेले. "मंगलनं तीनदा धुतलेत, सोडा घालून," तो म्हणाला. मंगल म्हणजे त्याची बायको. "हवाबंद हायेत. कनगी ऱ्हाऊं दे हितं. तांदूळ ह्यात भर, आये. आन् उरकून घे, येकदा पाऊस लागला की ह्या रस्त्यानं गाडी चढायची न्हाई."

सोनीबाईने ड्रममध्ये डोकं घातलं आणि बाहेर काढलं. तिने ओंजळभर तांदूळ फडक्यात बांधून ड्रममध्ये टाकला, झाकण लावलं, पट्टी ओढली. "उद्या सकाळी बोलू," म्हणाली.

सकाळी तिने तो तांदूळ काढला, धुतला, शिजवला. रामनाथच्या पुढे ताटलीत भात वाढला, वर तूप घातलं आणि समोर बसली. रामनाथने पहिला घास घेतला. चावायचा थांबला. आईकडे बघितलं आणि गिळला.

"कसा झालाय?"

"बराय."

"आनखी वाढू?"

रामनाथ दुसऱ्या घासाशी थांबला. "औषदावानी लागतोय," तो म्हणाला.

"येका रातीत येवढा. चार म्हैन्यात काय हुईल?" तिने ताटली ओढून घेतली. तो भात गाईला घालायलाही ती तयार नव्हती. "मंगलला म्हनाव धुतलं लई चांगलं. त्यात सरपान ठीव."

रामनाथ बापाकडे बघून म्हणाला, "बा, तू तरी सांग की तिला."

पण बहिरू त्यांच्याकडे बघत नव्हता. तो माजघराच्या मागच्या भिंतीकडे बघत होता. पुढच्या भिंती दगडमातीच्या होत्या, मागची कुडाची, कारवीच्या काठ्यांची. लग्नानंतर दोघांनीच ती घातली होती. तो जवळ गेला. मुठीने हळूच ठोकून बघितलं, इथे, मग हातभर पुढे. आधाराची मेढी कुठे आहे ते चाचपलं.

"काय बघताय?" सोनीबाईने विचारलं.

"काय न्हाई."

"कूड बघताय."

पावसाच्या तोंडावर मागचा कूड फोडायचा म्हणजे घरात पाणी घ्यायचं. आत पाणी आलं की दगडमातीच्या भिंती बसणार. डोंगर येईल न येईल, घर मात्र आपल्याच हाताने जाईल. हे तिला सांगायची गरज नव्हती. त्याच्याकडून तिला विचारणं होईना.

सोनीबाई बसल्या जागेवरून उठली, आधी मागचं अंग, मग कमरेवर हात. कुडाला सूप टांगलेलं होतं, ते तिने काढलं. रोवळी काढली. खुंटीवरचा विळा काढला. मग खुंटीच धरून हलवली आणि उपटून घेतली. सगळं उचलून ती पडवीत गेली आणि ठेवून परत आली.

"पोती मोकळी करून ठिवते," ती म्हणाली.

बहिरूने या वेळी आधी दोरीने माप घेतलं. कणगीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, मग दोरी कुडावर धरून दोन्हीकडे वीतभर जास्त, आणि कोळशाने खुणा. गेणभाऊ येऊन उभा होता. तो हसला नाही. त्याने धोतराचा काचा मारला आणि म्हणाला, "वरची बाजू मी धरतो. तू खालनं तोड."

कोयत्याचा पहिला घाव आत गेला आणि लिंपणाचा पोपडा हातभर सुटून खाली पडला. तो बोटभर जाड होता. दर दिवाळीला सोनीबाईने एक हात फिरवलेला, तेवढे थर त्यात होते, एक काळसर, एक पिवळसर, भाकरीच्या पापुद्र्यासारखे. बहिरूने तुकडा उचलला, बघितला आणि कडेला नीट ठेवला, पुन्हा भिजवून वापरता येईल म्हणून. सोनीबाई तांदूळ पोत्यात भरत होती. प्रत्येक घावाला तिच्या पापण्या मिटत होत्या, पण मापटं थांबलं नाही.

दुपारपर्यंत भोक झालं. माजघरात जन्मात पहिल्यांदा मागून ऊन आलं. चुलीमागची काजळी, आढ्याची जळमटं, सगळं दिसायला लागलं. सोनीबाई म्हणाली, "आगं बाई, केवढं काळं केलंय मी." आणि लगेच केरसुणी घेऊन झाडायला लागली, घर सोडून निघायच्या वेळेला.

सहा जणांनी कणगी उचलली. तळाला कळक घातले, दोरखंड बांधले. "सबुर, सबुर," बहिरू ओरडत होता, बोळ्याने दूध पाजावं तसा जपत होता. कणगी भोकातून बाहेर आली तेव्हा दोन्हीकडे वीत वीत जागा उरली होती. तिला कुठे घासलंसुद्धा नाही. गेणभाऊ म्हणाला, "मापात काढलीस रं." बहिरूला बरं वाटलं.

पिकअपमध्ये कणगी उभी केली. रामनाथ म्हणाला, रस्ता दगडागोट्यांचा आहे, हेलकाव्याने लिंपण तडकेल. तळाला तांदळाचं एक पोतं टाकलं तरी ती हलतच होती.

"मी बसते आत," सोनीबाई म्हणाली. "दोनी हातांनी धरून ऱ्हाते."

"आये, काय बी काय बोलतीस?"

"मंग तू बस. गाडी मी चालवते."

शेवटी बहिरू आणि रामनाथने तिला उचलून आत सोडलं. बहिरूने तिला असं उचललं त्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. लग्नात उचलली होती, एकदा विंचू चावला तेव्हा उचलली होती. ती इतकी हलकी कधी झाली ते त्याला कळलंच नव्हतं. काखेखालून तिची फासळी बोटांना लागली. एवढं धान्य भरणारी बाई, आणि अंगावर काही नाही. ती आत पोत्यावर उभी राहिली, काठावर दोन्ही हात ठेवले, पदर सावरला.

"वैनी, झाकान लावू का?" गेणभाऊने विचारलं.

"लावा. शिरावनात उघडा."

सगळी वाडी हसली. पोरं गाडीमागे पळाली. बहिरू मागे उभा राहून एका हाताने कठडा आणि एका हाताने कणगी धरून होता. वळणावर गाडी कलली की सोनीबाई आतून आपलं अंग दुसऱ्या बाजूला टाकायची. शाळेपाशी उतरल्यावर तिने आधी कणगीभोवती फिरून बोटाने टिचक्या मारल्या. सगळीकडे एकच आवाज आला. मग तिने पाणी मागितलं.

शेडमध्ये प्रत्येक घराला पडदा लावून जागा दिली होती. त्यांच्या जागेत निम्मी कणगीच झाली. झोपायला पाय दुमडावे लागले. बहिरूने चार धोंडे घालून ती जमिनीपासून उचलून ठेवली. सोनीबाईने तांदूळ पुन्हा थराथराने भरला. शेजारच्या पडद्यापलीकडे साळुबाईचं एक पोतं ओल्या कोब्यावर टेकून होतं. सोनीबाईने दोनदा तिकडे बघितलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "आण इकडं. पर मधी फडकं घालीन मी. तुझा तांदूळ जाडा हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिरू एकटाच वाडीवर गेला. आभाळ खाली आलं होतं. डोंगराचा माथा ढगात होता, चुन्याच्या खुणा दिसत नव्हत्या. वाडीत कोणाचाच धूर नव्हता. त्याने कारवीच्या काठ्या भोकाच्या मापाने तोडल्या, आडव्या उभ्या बांधायला घेतल्या. वारा भोकातून आत जाऊन पुढच्या दाराने बाहेर पडत होता. तासाभराने पायवाटेवर खोकला ऐकू आला. सोनीबाई काठी टेकत चढून आली होती.

"तुला कोनी यायला सांगितलं?"

"माती कोन मळनार? तुमी?"

काल कडेला ठेवलेले लिंपणाचे तुकडे तिने बघितले, पण त्यांना हात लावला नाही. उंबऱ्यावर बसून ती धाप जिरवत त्याचं काम बघत राहिली. तो काठ्या कुडाला बांधायला गेला.

"बांधू नगा," ती म्हणाली.

"मंग? पानी आत यील की."

"झडप करा. फुडल्या साली कनगी परत काढावी लागंल ना."

बहिरूने हातातली दोरी खाली केली. "फुडल्या साली बी खाली जायाचं?"

"डोंगुर काय औंदाच हाय का?"

चार दिवस तो याच एका गोष्टीशी झगडत होता, हिला खाली कसं न्यायचं, आणि ती उंबऱ्यावर बसून पुढच्या पावसाळ्याचं बोलत होती. त्याने काठ्यांची चौकट आडवी ठेवली. घट्ट बांधून झडप केली. उचलून भोकाला लावून बघितली. कुडाच्या मेढीला आतल्या बाजूने दोरीची बिजागरी करायला घेतली.

"आत उघडनार का ती?" सोनीबाईने विचारलं.

"आतच. दारं आतच उघडत्यात."

"बाहिर उघडंल आशी करा."

"का?"

"डोंगुर सुटला तर वढीत बसायला यळ नसतो. अंग टाकलं की उघडली पायजे."

बहिरूने तिच्याकडे बघितलं. ती पायाचा काटा काढत होती, मान खाली घालून. त्याने आतल्या बाजूची दोरी सोडली, झडप उचलली आणि घराला वळसा घालून बाहेरून बांधायला गेला.